विमानांना वाट दाखवणारे सैनिक आणि त्यांची दुसरी नोकरी



उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेचजण आजी-आजोबांकडे पुण्याला जातात. दिल्लीहून किंवा बंगळूरहून निघालेले विमान लोहगाव विमानतळाजवळ आले, की खालून कोणीतरी वैमानिकाला सांगते, "आता उतरा." ते सांगणारी व्यक्ती भारतीय हवाई दलाची असते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमाने त्याच धावपट्टीवर उतरतात, म्हणून तिथली हवाई वाहतूक हवाई दलच सांभाळते. गोव्यात दाबोळीला 'आय.एन.एस. हंसा' हा नौदलाचा तळ आहे, तिथे हेच काम नौदलाकडे आहे. अमेरिकेतही अशी उदाहरणे आहेत. ॲरिझोना राज्यात युमा नावाचे गाव आहे. तिथे मरीन दलाचा तळ आणि गावाचा विमानतळ मिळून त्याच धावपट्ट्या वापरतात, आणि टॉवर मरीन दल चालवते.

लढाऊ विमानाचा वैमानिक सर्वांना ठाऊक असतो. सिनेमात तोच दिसतो. त्याला वर पाठवणारा आणि सुखरूप खाली आणणारा हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर, मात्र फारसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. या अंकात आम्ही त्याच्या व्यवसायाची ओळख करून देत आहोत. सैन्यातला कंट्रोलर काय काम करतो, ते कुठे शिकतो आणि सैन्यातून बाहेर पडल्यावर त्याच्या विद्येचे पुढे काय होते, असे आमचे तीन प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर भरती होण्यापूर्वीच माहीत असलेले बरे.

काम काय असते?

विमानतळावरच्या उंच काचेच्या खोलीला टॉवर म्हणतात. तिथे सर्वसाधारणपणे दोन मुख्य कामे चालतात. एक कंट्रोलर जमिनीवर चालणाऱ्या विमानांना रस्ता दाखवतो. दुसरा धावपट्टी सांभाळतो, म्हणजे कोणी उडायचे, कोणी उतरायचे आणि कोणी थांबायचे हे ठरवतो. विमान टॉवरपासून काही मैल दूर गेले, की ते रडारसमोर बसलेल्या कंट्रोलरच्या ताब्यात जाते. तिथून पुढे ते एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे सोपवले जाते. शाळेच्या रिले शर्यतीत काठी हातातून हातात जाते ना, तसेच.

या सगळ्या कामामागचा नियम साधा आहे. दोन विमानांमध्ये ठरावीक अंतर राहिलेच पाहिजे. विमानतळाजवळ रडारवर हे अंतर साधारण ३ मैल असते, लांबच्या प्रवासात ५ मैल असते, आणि दोन विमाने एकावर एक असतील तर त्यांच्यात निदान १,००० फूट उंचीचा फरक ठेवतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण आकाशात विमान थांबवून ठेवता येत नाही. रस्त्यावर गोंधळ झाला तर पोलीस शिट्टी वाजवून सगळ्या गाड्या उभ्या करू शकतो. कंट्रोलरला ती सोय नाही. त्याला सगळी वाहतूक चालती ठेवूनच गाठ सोडवावी लागते.

सैन्यातल्या कंट्रोलरकडे याशिवाय काही खास कामे असतात. लढाऊ विमाने एकेकटी न येता जोडीने किंवा चौघांच्या रांगेत येतात, फार वेगाने येतात आणि पुष्कळदा थोडेच इंधन शिल्लक ठेवून येतात. नौदलाच्या विमानवाहू जहाजावर तर धावपट्टीच समुद्रात पुढे सरकत असते. रात्री, पाऊस पडत असताना, वैमानिकाला त्या सरकत्या धावपट्टीपर्यंत आणायचे असते.

धुके दाट असले की सैन्यात एक जुने तंत्र वापरतात. अचूक रडारसमोर बसलेला कंट्रोलर उतरणाऱ्या वैमानिकाशी जवळजवळ अखंड बोलत राहतो. "थोडे डावीकडे आहात. आता बरोबर रेषेवर. किंचित उंच आहात. आता ठीक." वैमानिकाने उत्तर द्यायचे नसते, फक्त ऐकायचे असते. शेवटच्या टप्प्यात पाच सेकंदसुद्धा आवाज आला नाही, तर काहीतरी बिघडले असे वैमानिक समजतो. डोळे बांधलेल्या मित्राला नुसत्या बोलण्याने अंगण पार करून देण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. हा तोच खेळ आहे, पण मित्र ताशी दीडशे मैलांच्या वेगाने येत असतो.

छत्रीपासून रडारपर्यंत

अमेरिकेतला पहिला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून आर्ची लीग यांचे नाव घेतात. १९२९ साली सेंट लुईस शहराने त्यांना विमानतळावर नेमले. टॉवर नव्हता आणि रेडिओही नव्हता. ते एका हातगाडीत खुर्ची, उन्हासाठी मोठी छत्री, वही, पाणी आणि दुपारचा डबा घालून धावपट्टीच्या टोकाशी जाऊन बसत. हातात दोन निशाणे असत. चौकटीचे निशाण म्हणजे 'या किंवा जा', आणि लाल निशाण म्हणजे 'थांबा'. पुढे लीग केंद्र सरकारच्या विमान खात्यात गेले, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात वैमानिक झाले, युद्धानंतर परत त्याच खात्यात आले आणि १९७३ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे सैन्य आणि नागरी नोकरी यांच्यातली ये-जा या व्यवसायात पहिल्या माणसापासून आहे.

महायुद्धात रडार आले आणि काम बदलले. नुकतेच आम्ही ज्या अचूक रडारबद्दल सांगितले, ते शास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांच्या कल्पनेतून त्याच काळात तयार झाले. पुरुष मोठ्या संख्येने आघाडीवर गेले होते, म्हणून नौदलाने 'वेव्ह्ज' या महिला शाखेतील मुलींना टॉवरचे काम शिकवले. वर्गातल्या मुलींनी हे लक्षात ठेवावे. या व्यवसायात स्त्रिया पन्नास-साठ नव्हे, ऐंशी वर्षांपूर्वीपासून आहेत.

खरी कसोटी बर्लिनमध्ये लागली. जून १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली. वीस लाखांहून अधिक लोकांना धान्य आणि कोळसा विमानाने पोचवायचे ठरले. १३ ऑगस्ट १९४८ रोजी ढग इतके खाली आले, की शहरावर विमानांचा एकावर एक ढीग झाला. वर घिरट्या घालणाऱ्या एका विमानात मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर स्वतः होते. त्यांनी थांबलेली विमाने परत पाठवली आणि नवा नियम केला. एकदा उतरणे चुकले, तर दुसरा प्रयत्न करायचा नाही. माल घेऊन तसेच माघारी जायचे. त्यामुळे मागून येणाऱ्यांची रांग मोडत नसे. शिवाय अमेरिकेत नागरी नोकरी करणाऱ्या अनुभवी कंट्रोलरना पुन्हा गणवेश चढवून बर्लिनला बोलावण्यात आले. एप्रिल १९४९ मध्ये ईस्टरच्या सुमारास चोवीस तासांत १,३९८ विमानफेऱ्या झाल्या, म्हणजे सरासरी मिनिटाला जवळजवळ एक!

यंत्रे कितीही वाढली तरी हातगाडीचे दिवस अजून संपलेले नाहीत. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात मोठा भूकंप झाला आणि राजधानीच्या विमानतळाचा टॉवर निकामी झाला. अमेरिकन हवाई दलाची एक छोटी तुकडी तिथे उतरली आणि २८ मिनिटांत तिने विमानांना उतरवायला सुरुवात केली. साहित्य काय होते? गवतावर मांडलेले पत्ते खेळण्याचे घडीचे टेबल आणि रेडिओ. चीफ मास्टर सार्जंट टोनी ट्रॅव्हिस या तुकडीचे पुढारी होते. त्या वर्षीच्या जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत 'टाइम' साप्ताहिकाने त्यांचे नाव घातले.

हे शिकतात कुठे?

अमेरिकन हवाई दलाचे कंट्रोलर मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी इथल्या कीस्लर तळावर शिकतात. नौदलाची आणि मरीन दलाची शाळा फ्लोरिडात पेन्साकोला इथे आहे, तर भूदलाची अलाबामात फोर्ट रकर इथे. हायस्कूल पूर्ण केलेला अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी इथे येऊ शकते. कॉलेजची पदवी लागत नाही. अभ्यास मात्र कडक असतो, आणि तो न झेपल्याने दुसऱ्या कामावर जावे लागणारेही असतात.

शाळा संपली म्हणजे काम मिळाले असे नाही. नेमणुकीच्या तळावर गेल्यावर खरे शिक्षण सुरू होते. त्या जागेच्या आकाशाचा नकाशा कोऱ्या कागदावर आठवणीने काढून दाखवावा लागतो. कुठल्या डोंगराजवळ किती उंची हवी, कुठली धावपट्टी कुठल्या वाऱ्यात वापरायची, शेजारच्या केंद्राशी कोणते करार आहेत, हे सर्व पाठ असावे लागते. मग शिकाऊ कंट्रोलर खऱ्या विमानांशी बोलू लागतो. त्याचा शिक्षक शेजारीच आपला हेडफोन जोडून बसतो. चूक होते आहे असे दिसले, तर शिक्षकाचा आवाज मध्ये पडतो. असे कित्येक महिने गेल्यावर त्याला त्या जागेचा परवाना मिळतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हा परवाना त्या जागेपुरताच असतो. बदली झाली, की नव्या तळावर पुन्हा नकाशा, पुन्हा शिक्षक, पुन्हा परीक्षा. दहा वर्षांचा अनुभवी सार्जंटसुद्धा नव्या टॉवरमध्ये पहिल्या दिवशी विद्यार्थी असतो, आणि कदाचित त्याच्यापेक्षा वयाने लहान मुलगी त्याची शिक्षिका असते. ज्याला हे कमीपणाचे वाटते, त्याला हा व्यवसाय जड जातो.

बोलण्याची शिस्त

मराठीच्या वर्गात तुम्ही 'ब बदकाचा, प पतंगाचा' असे म्हणता. कंट्रोलरसुद्धा अगदी हेच करतो. इंग्रजीत बी, डी, पी, टी ही अक्षरे रेडिओवर सारखीच ऐकू येतात. म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी जगभर ठरलेली नावे वापरतात. आकडेही एकेक करून सांगतात. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ' आणि नऊला 'नायनर' म्हणतात, म्हणजे खरखरीतही घोटाळा होत नाही. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत तुमचा गोंधळ उडतो ना? मग या युक्तीचे महत्त्व तुम्हाला लगेच पटेल.

दुसरा नियम असा, की महत्त्वाची सूचना वैमानिकाने उलट म्हणून दाखवायची आणि कंट्रोलरने ती कान देऊन ऐकायची. तो चुकीचे म्हणाला तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. नुसते 'हो, कळले' चालत नाही. रेडिओच बंद पडला, तर टॉवरमध्ये दिव्याची बंदूक असते. उडत्या विमानाला स्थिर हिरवा उजेड दाखवला की 'उतरा', आणि स्थिर लाल म्हणजे 'दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा'.

शब्दांची ही काळजी कशासाठी, ते पालकांना आठवत असेल. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जंबो जेट आणि कझाकस्तानचे विमान यांची टक्कर झाली आणि ३४९ माणसे गेली. दिल्लीच्या कंट्रोलरने दोन्ही विमानांमध्ये १,००० फुटांचे अंतर दिले होते. कझाक विमान सांगितलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले. त्याच्या वैमानिकांना इंग्रजी नीट समजत नव्हते आणि ते आपल्या रेडिओवाल्यावर अवलंबून होते, असे चौकशीत दिसून आले. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखलेले असल्याने येणारी आणि जाणारी विमाने तेव्हा एकाच पट्ट्यातून जात होती.

एकच आकाश, एकच पुस्तक

अमेरिकेत ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने आदळून १२८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९५८ च्या कायद्याने केंद्र सरकारचे एक स्वतंत्र विमान खाते तयार झाले. त्यालाच आपण आज एफ.ए.ए. म्हणतो. नागरी आणि लष्करी विमानांनी एकाच व्यवस्थेत उडावे हा त्यामागचा हेतू होता. म्हणून आज सैन्यातला कंट्रोलर आणि नागरी कंट्रोलर दोघेही नियमांचे एकच जाडजूड पुस्तक वापरतात. अंतर किती ठेवायचे, कोणते वाक्य कसे म्हणायचे, हे दोघांचे सारखेच असते.

सैन्यातली ही विद्या बाहेर उपयोगी पडते, ती या एका पुस्तकामुळे. रणगाडा चालवणाऱ्याला बाहेर रणगाडा मिळत नाही. कंट्रोलरला मात्र बाहेरही टॉवर मिळतो.

तरीही सगळेच बरोबर नेता येत नाही. धुक्यात अखंड बोलून विमान उतरवण्याची कला नागरी विमानतळांवर आता जवळजवळ वापरात नाही. जो वीस वर्षे लढाऊ विमानांशी बोलला, त्याच्यापुढे एखाद्या लहान विमानतळावर पहिल्यांदाच एकटे उडणारा, भेदरलेल्या आवाजाचा शिकाऊ वैमानिक येतो. त्याच्याशी हळू आणि धीराने बोलायचे असते. हा कंट्रोलर पुन्हा शिकतो.

दोन घड्याळे

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सैन्यातून बाहेर पडणाऱ्या कंट्रोलरच्या भिंतीवर जणू दोन घड्याळे टांगलेली असतात.

पहिले घड्याळ सैन्याचे. वीस वर्षे पूर्ण केली की आयुष्यभर पेन्शन. २०१८ पासून भरती झालेल्यांना ती मूळ पगाराच्या सुमारे ४० टक्के मिळते. त्याआधीच्यांना सुमारे ५० टक्के मिळते. बारा किंवा पंधरा वर्षांनी सोडले, तर ही मासिक पेन्शन नाही.

दुसरे घड्याळ एफ.ए.ए.चे. नव्या उमेदवाराला तिथे वयाच्या ३१ व्या वाढदिवसापूर्वी नेमणूक मिळावी लागते. ज्याने सलग ५२ आठवडे कंट्रोलरचे काम केले आहे, अशा अनुभवी माणसासाठी २०१६ च्या कायद्याने ही मर्यादा ३५ वर्षांपर्यंत वाढवली. विमानांची वाहतूक हाताळणाऱ्याला थोडे अपवाद सोडता ५६ व्या वर्षी निवृत्त व्हावेच लागते. ५० वर्षे वय आणि २० वर्षे नोकरी, किंवा कोणत्याही वयात २५ वर्षे नोकरी झाली, की पूर्ण पेन्शन घेता येते.

समजा, एक मुलगी १८ व्या वर्षी हवाई दलात भरती झाली. पहिला करार साधारण चार ते सहा वर्षांचा असतो. तिने करार वाढवत नेला आणि आता ती ३० वर्षांची आहे. बारा वर्षे झाली, पेन्शनला आठ उरली. आज बाहेर पडली तर एफ.ए.ए.मध्ये तिला पुढे २६ वर्षे मिळतील, पण सैन्याची पेन्शन जाईल. ३८ व्या वर्षापर्यंत थांबली तर पेन्शन मिळेल, पण एफ.ए.ए.चा नेहमीचा दरवाजा तीन वर्षांपूर्वीच बंद झालेला असेल. निवृत्त सैनिकांसाठी अधूनमधून वेगळ्या वाटा काढल्या गेल्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर संसार आखता येत नाही. हे गणित तिला तिसाव्या वर्षी समजण्यापेक्षा अठराव्या वर्षी समजले तर केवढे बरे!

बाहेर कोणत्या वाटा आहेत? पहिली अर्थात एफ.ए.ए. तिथला पगार चांगला आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कंट्रोलरचा मधला वार्षिक पगार सुमारे १,४४,००० डॉलर होता. दुसरी वाट कंत्राटी टॉवरची. लहान विमानतळांचे अडीचशेहून अधिक टॉवर खाजगी कंपन्या सरकारसाठी चालवतात, आणि तिथे माजी सैनिक मोठ्या संख्येने असतात. ३१ वर्षांची अट तिथे आड येत नाही. तिसरी वाट सैन्याच्याच तळावर साध्या कपड्यांत नागरी नोकर म्हणून काम करण्याची. चौथी शिक्षकाची. ओक्लाहोमा सिटीत एफ.ए.ए.ची अकादमी आहे. तिथे आणि सैन्याच्या शाळांत शिकवणाऱ्यांत निवृत्त कंट्रोलर असतात. पाचवी वाट मधली आहे. काहीजण आठवडाभर नागरी टॉवरमध्ये काम करतात आणि नॅशनल गार्डमध्ये महिन्यातले काही दिवस गणवेश घालतात. ज्याला हे काम नको झाले असेल, त्याला सरकारी शिष्यवृत्तीवर कॉलेजात जाता येते.

१९८१ चा धडा

या दोन घड्याळांची गाठ एकदा सगळ्या देशाने पाहिली. ३ ऑगस्ट १९८१ रोजी एफ.ए.ए.चे सुमारे १३,००० कंट्रोलर संपावर गेले. कामाचे तास आणि ताण कमी व्हावा, पगार वाढावा अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारी नोकरांना संप करण्यास कायद्याने बंदी होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि मग ११,००० हून अधिक लोकांना कामावरून काढून टाकले. रिकाम्या खुर्च्यांवर अधिकारी, संपात न गेलेले कंट्रोलर आणि सैन्यातून पाठवलेले शेकडो कंट्रोलर बसले. दुःखाची गोष्ट अशी, की काढून टाकलेल्यांपैकी पुष्कळजण स्वतः माजी सैनिक होते आणि हे काम सैन्यातच शिकले होते. त्यांच्यावरची बंदी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९३ मध्ये उठवली. तोपर्यंत बारा वर्षे गेली होती आणि अनेकांनी दुसरा व्यवसाय धरला होता.

परिणाम पुढेही जाणवला. संपानंतर एकदम भरती झालेले तरुण २००५ नंतर एकदम निवृत्तीच्या वयाला आले. नवा कंट्रोलर तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून माणसांची टंचाई चटकन भरून निघत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि भूदलाचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण गेले. त्या वेळी टॉवरमध्ये विमाने आणि हेलिकॉप्टर या दोन्हींचे काम एकाच कंट्रोलरकडे होते. अपघाताला एकच कारण नसते. पण खुर्चीत किती माणसे बसली आहेत, हा प्रश्न आपल्या सर्वांच्या प्रवासाचा आहे, हे त्या रात्री सगळ्यांना समजले.

घरची बाजू

कंट्रोलरच्या घरचे घड्याळ इतरांसारखे चालत नाही. एका आठवड्यात दोन संध्याकाळच्या पाळ्या, दोन सकाळच्या आणि एक रात्रीची, अशी रचना पुष्कळ ठिकाणी असते. दिवाळी असो की थँक्सगिव्हिंग, टॉवर उघडाच असतो. झोप आणणारे सर्दीचे औषध घेतले तर त्या दिवशी विमानांशी बोलता येत नाही. प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होतो. सरकारचे अंदाजपत्रक अडकले तरी कामावर जावेच लागते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या ४३ दिवसांच्या सरकारबंदीत एफ.ए.ए.चे कंट्रोलर वेळेवर पगार न मिळता काम करत होते. सैन्यात असताना यात बदल्यांची भर पडते. दर तीन-चार वर्षांनी मुलांची शाळा बदलते.

पालकांशी दोन शब्द

आपल्या घरांत 'मोठेपणी कोण होणार' याची उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर आणि इंजिनियर यांच्यापुढे गाडी सहसा जात नाही. सगळ्यांनी मुलांना सैन्यात धाडावे असे आमचे म्हणणे नाही. सैन्याची शपथ ही शपथ असते. युद्ध झाले तर जावे लागते, आणि हे मुलाला स्पष्ट सांगितले पाहिजे. एफ.ए.ए.साठी अमेरिकन नागरिकत्व लागते, हेही ध्यानात असावे.

पण ज्या मुलाला पुस्तकापेक्षा नकाशा लवकर कळतो, जे चार गोष्टी एकदम डोक्यात ठेवू शकते, गडबडीत ज्याचा आवाज चढत नाही, त्याच्यासाठी हा एक मानाचा व्यवसाय आहे. तो ऐपतीवर किंवा कॉलेजच्या नावावर अवलंबून नाही. पुन्हा पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी मात्र हवी. ती तयारी काय असते, हे आपल्या पिढीला कोणी शिकवायला नको. हातात भारतातली पदवी आणि अनुभव असताना इथे परत परीक्षेला बसलेले डॉक्टर, फार्मासिस्ट आणि शिक्षक आपल्याच ओळखीत आहेत. मुलांनी त्यांना एकदा विचारावे, की त्या दिवसांत अभ्यास कसा केला.

हे करून पाहा

१. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे. एकाने मराठीत सात आकडी नंबर एकेक आकडा करून सांगावा, दुसऱ्याने तो उलट म्हणून दाखवावा. मग तोच नंबर 'एकोणसाठ, त्रेपन्न' असा जोड्यांनी सांगून पाहा. कुठे जास्त चुका होतात?

२. वर्गापासून आपल्या गाडीपर्यंतचा नकाशा कोऱ्या कागदावर आठवणीने काढा. मग जाऊन पडताळा.

३. गणित: एक मुलगा २० व्या वर्षी नौदलात गेला. पेन्शन मिळेल तेव्हा त्याचे वय किती असेल? एफ.ए.ए.मध्ये अनुभवी म्हणून जायचे तर त्याने जास्तीत जास्त किती वर्षे नौदलात काढावीत? उत्तर आई-बाबांना मराठीत समजावून सांगा.

शब्दांचे अर्थ

धावपट्टी – विमान ज्यावरून उडते किंवा जिथे उतरते तो लांब सरळ रस्ता, रनवे
तळ – सैन्य राहते आणि काम करते ती जागा
गणवेश – सर्वांचा सारखा ठरलेला पोशाख
पाळी – कामाची ठरलेली वेळ, शिफ्ट
घिरट्या घालणे – एकाच जागेभोवती फिरत राहणे
भिस्त, भरवसा – विश्वास, आधार
निवृत्त होणे – ठरलेल्या वयात नोकरी संपवणे
टंचाई – हवे तेवढे नसणे